‘दोनशेच आहेत’ म्हणून गाडी महाग होईल का?

पत्राचा सारांश : नाशिकचे एक वाचक. वय ४४, सातपूर एमआयडीसीत स्वतःचं छोटं मशीनिंग युनिट. २०२० च्या दिवाळीच्या सुमाराला त्यांनी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५, म्हणजे ऑक्टाव्हिया सेडानची जोरदार इंजिनाची आवृत्ती, घेतली. भारतात आलेल्या २०० गाड्यांपैकी ही एक. रस्त्यावर येईपर्यंत बेचाळीसेक लाख गेले. रनिंग अवघं १४ हजार किलोमीटर, कारण गेली दोन वर्षं गाडी बहुतेक कव्हरखालीच असते. किलोमीटर वाढले की भाव पडेल, ही धास्ती. दर रविवारी पार्किंगमध्येच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात आणि बंद करतात. पुण्याच्या एका ब्रोकरने ३१ लाख देऊ केले आहेत. त्याच मॉडेलची ऑनलाइन जाहिरात मात्र ४० लाखांची आहे. मेव्हणे म्हणतात, २०३५ पर्यंत हात लावू नका, पाऊण कोटीला जाईल. पत्नी म्हणतात, विका : मुलगी यंदा बारावीला आहे, फीचा आकडा समोर दिसतोय, आणि सासूबाईंना (म्हणजे वाचकांच्या आईंना) गुडघ्यांमुळे त्या बुटक्या गाडीत बसताही येत नाही. ‘खरी किंमत ठरवायची कशी? आणि विकून पस्तावलो तर?’ असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर :

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘दोनशेच गाड्या’ हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. ती चालवताना काय वाटतं, याबद्दल मात्र एक ओळ नाही. २४५ पीएसची, म्हणजे साधारण तेवढ्या अश्वशक्तीची गाडी, थांबलेल्या अवस्थेतून साडेसहा सेकंदांच्या आसपास शंभरी गाठणारी, आणि तिच्या मालकाचं चार पानी पत्र फक्त भावाबद्दल! म्हणून भावापासूनच सुरुवात करू. गाडीकडे नंतर येऊ.

तुमच्या सगळ्या हिशोबाच्या मुळाशी एक गृहीत आहे : संख्या कमी, म्हणून किंमत चढणार. हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की कुणी तपासून बघत नाही. २०१६ आठवा. फोक्सवॅगनने त्या वर्षाच्या शेवटी जीटीआय भारतात आणली. पोलोच्याच अंगाची, तीन दारांची, १.८ लिटर टर्बो इंजिनाची. पहिल्या खेपेला गाड्या फक्त ९९, म्हणजे तुमच्या आरएसच्या निम्म्याहूनही कमी. किंमत २५ लाखांच्या वर. तुमच्या मेव्हण्यांच्या न्यायाने त्या हातोहात संपायला हव्या होत्या. झालं उलटंच. पुढच्याच वर्षी कंपनीला किंमत २० लाखांच्या आत आणावी लागली. ज्यांनी आधी पूर्ण पैसे मोजले होते, त्यांच्या गाडीचा भाव घरी उभ्या उभ्या पाच-सहा लाखांनी उतरला. आज शौकीन लोक तीच जीटीआय शोधत फिरतात, हेही खरं. पण ती ९९ होती म्हणून नाही. तशी छोटी, हलकी, खोडकर गाडी नंतर बराच काळ इथे मिळाली नाही, म्हणून.

परदेशात हा संग्राहकांचा बाजार जुना आणि मुरलेला आहे. तिथे काय घडलं, ते पाहा. मर्सिडीजची १९० ई २.५-१६ इव्होल्यूशन टू ही १९९० ची चार दारांची गाडी आज डोळे पांढरे होतील अशा किमतीला जाते. बनल्या ५०२. इतक्याच का? तर शर्यतीत उतरायचं असेल तर ५०० गाड्या बनवा, असा नियम होता. तिच्यामागे रेसिंगचा इतिहास आहे. आता उलट बाजू. बीएमडब्ल्यूच्या ई३९ पिढीच्या एम५ गाड्या २०,४८२ बनल्या. तिला दुर्मीळ म्हणायची सोय नाही. तरीही कमी चाललेल्या, नीट राखलेल्या एम५ साठी काही जण नव्या गाडीच्या तेव्हाच्या किमतीहून जास्त पैसे मोजतात. कारण ४.९ लिटरचं टर्बोविना व्ही८ इंजिन आणि फक्त मॅन्युअल गिअरबॉक्स ही जोडी त्या कंपनीने पुढे त्या गाडीत परत दिली नाही. म्हणजे संख्या हा किमतीचा एक घटक आहे, पण गाडीबद्दल सांगण्यासारखी गोष्ट नसेल तर नुसत्या संख्येला कुणी विचारत नाही.

मग तुमच्या गाडीची गोष्ट काय? इथे जरा कटू बोलतो. युरोपात आरएस २४५ ही दुर्मीळ गाडी नव्हतीच. कॅटलॉगमधून कुणीही मागवावी अशी ती होती : इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीच्या बॉडीतही मिळायची, मॅन्युअल गिअरमध्येही मिळायची. दोनशेचा आकडा तिला भारतात चिकटला, तो आपल्या नियमांमुळे. साधी ऑक्टाव्हिया छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळायची. आरएस २४५ मात्र पूर्ण तयार होऊन बोटीने आली. २०१८ मध्ये सरकारने एक वाट मोकळी केली होती : ठरावीक मर्यादेत, वर्षाला २,५०० पर्यंत, तयार गाड्या इथली वेगळी चाचणी-मान्यता न घेता आणता येतात. त्या वाटेने कंपनीने दोनशे आणल्या, ३५.९९ लाख एक्स-शोरूम किंमत लावली आणि त्या संपल्या. थोडक्यात, या गाडीची दुर्मीळता कारखान्यात जन्मली नाही, बंदरावर जन्मली.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात, आणि तुमच्या मेव्हण्यांना त्यातली एकच बाजू दिसते. तुमच्या फायद्याची बाजू अशी की ब्रिटनमध्ये उजव्या स्टीअरिंगच्या आरएस २४५ भरपूर असल्या तरी त्या इथे येऊन तुमचा भाव पाडू शकत नाहीत. तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही, आणि शुल्क इतकं की कुणी नाद करत नाही. ती भिंत तुमच्या गाडीला राखते. तोट्याची बाजू अशी की त्या भिंतीचं दार कंपनीच्या हातात आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात तिने ते उघडलंच : नवी ऑक्टाव्हिया आरएस, २६५ पीएस, १०० गाड्या, ४९.९९ लाख. किंमत जाहीर व्हायच्या आतच सगळ्यांचं बुकिंग होऊन गेलं. यातून तुम्हाला काय मिळालं? एक म्हणजे दिलासा : या जातीच्या गाडीला पन्नास लाख देणारे लोक देशात आहेत, आणि ज्यांना नवी मिळाली नाही, त्यांच्यातले काही तुमच्या गाडीकडे वळतील. दुसरं म्हणजे इशारा : ‘शेवटची’ हा किताब तुमच्या गाडीकडे आता उरलेला नाही. उद्या आणखी दीडशे आल्या, तर तुमच्या दोनशेचं वजन आणखी कमी होईल. शुल्कही कायमचं धरून चालू नका. २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी झालेल्या करारात तिथल्या मोटारींवरचं शंभर टक्क्यांच्या वरचं शुल्क, ठरावीक कोट्यापुरतं, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. तुमची स्कोडा चेक कंपनीची, तेव्हा त्या कराराचा तिच्याशी थेट संबंध नाही. पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतं.

आता ३१ आणि ४०. जाहिरातीतला आकडा ही मालकाची इच्छा असते. गाडी सहा महिने त्याच आकड्यावर उभी असेल, तर बाजाराने त्या इच्छेला दिलेलं उत्तर ‘नाही’ असं आहे. ब्रोकरचा आकडाही खरी किंमत नव्हे. त्याला गाडी घेऊन ठेवायची, पुढे विकायची, मध्ये स्वतःचं काढायचं, आणि डीलर नोंदणीकृत असेल तर त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटीही भरायचा. हे सगळं तो तुमच्या किमतीतूनच वजा करतो. शौकिनाने थेट शौकिनाकडून घेतली, तर सौदा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे तरी बसतो. माझा अंदाज विचाराल तर तुमच्या गाडीला ३३ ते ३५, तेही ती खरोखर तुम्ही म्हणता तशी असेल तर. त्यावर पुढे बोलतोच.

‘३१ ला विकली तर अकरा लाखांचं नुकसान’ असं तुम्ही लिहिलंय. इथे थोडं थांबा. विम्याच्या तक्त्याप्रमाणे चार-पाच वर्षं वापरलेल्या गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, एक्स-शोरूमच्या निम्मी धरतात. ३५.९९ लाखांची निम्मी म्हणजे १८ लाख. त्या किमतीच्या बऱ्याच जर्मन सेडान या वयात साधारण तिथेच येऊन ठेपतात. तुम्हाला घरबसल्या ३१ ची ऑफर आहे. म्हणजे दुर्मीळतेचे पैसे पुढे केव्हा तरी मिळायचे आहेत असं नाही. बाजार ते आजच द्यायला तयार आहे. तुम्ही ज्याची वाट बघताय, त्याचा मोठा भाग तुमच्या समोर टेबलावर पडलेला आहे. आणि त्यावर करही बहुधा लागणार नाही : स्वतःच्या वापरातली मोटार आयकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. मात्र ‘गुंतवणूक म्हणून न वापरता ठेवली होती’ असं तुम्हीच सगळीकडे सांगत फिरलात तर ‘स्वतःच्या वापरातली’ हे म्हणणं लंगडं पडतं, तेव्हा सीएला एकदा विचारून घ्या. हे नुसतं गंमत म्हणून सांगत नाही.

मेव्हण्यांचा पाऊण कोटी मात्र कागदावर मांडून बघू, कारण असे मेव्हणे प्रत्येक घरात असतात आणि त्यांचा आवाज मोठा असतो. ३१ लाख ७ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर साधारण ६१ लाख होतात. गाडी ठेवली तर विमा, सर्व्हिस, बॅटरी, टायर मिळून वर्षाला लाखभर धरा. हे लाख-लाख रुपयेही त्याच दराने ठेवले असते तर दहा वर्षांत चौदाएक लाख झाले असते. बेरीज पंचाहत्तर. व्याजावरचा कर सोडून देऊ. म्हणजे मेव्हण्यांचं भाकीत शब्दशः खरं ठरलं, तरी तुम्ही जेमतेम बरोबरीत याल, आणि तेही दहा वर्षं गाडी न चालवता.

आणि २०३५ हे साल तुम्ही ज्या कौतुकाने लिहिलंय, त्याच सालात तुमची नोंदणी संपते. पंधरा वर्षं पूर्ण झाली की आरटीओत फिटनेस तपासणी, नव्याने नोंदणी, ती फक्त पाच वर्षांची, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. दिल्लीच्या परिसरात पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांचा विषय तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तिकडच्या खरेदीदाराला हे पक्कं ठाऊक असतं. ‘पुढे ती व्हिंटेज होईल ना’ असंही तुम्ही विचारलंय. होईल. २०२१ च्या नियमाप्रमाणे मूळ रूपात राखलेली, पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. तुमच्या गाडीची पन्नाशी २०७० मध्ये. तुम्ही तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या पुढे असाल. मधली पस्तीस वर्षं ही गाडी कायद्याच्या नजरेत फक्त जुनी गाडी असते, आणि आपल्याकडच्या आधुनिक गाड्यांच्या संग्राहकांची खरी अडचण हीच आहे. तीस वर्षांच्या गाडीला कौतुकाने सांभाळणारा कायदा इथे अजून नाही.

तरीही मी ‘ही गाडी कधीच चढणार नाही’ असं म्हणत नाही. राजदूत ३५० आठवते? १९८३ मध्ये आली, पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नाकं मुरडली, दशकभरही टिकली नाही. आज नीट केलेल्या राजदूत ३५० ला मालक म्हणेल तो भाव देणारे आहेत. पण ते केव्हा झालं? त्या वेळची कॉलेजची पोरं, जी दुसऱ्याच्या ३५० वर मागे बसून फिरली होती, ती चाळिशी-पन्नाशीला आली आणि खिशात पैसे खुळखुळायला लागले तेव्हा. मध्ये वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि त्या काळात बहुतेक गाड्या भंगारातच गेल्या. आरएसचंही तसं होऊ शकतं. आज विशीत असलेला, ही गाडी हायवेवर शेजारून जाताना मान वळवून बघणारा मुलगा तुमचा खरा संग्राहक. तो २०४५ मध्ये चेक लिहील. किंवा तोवर पेट्रोल भरायचीच पंचाईत झाली असेल आणि लिहिणार नाही. कुणीही छातीठोकपणे सांगू नये.

आता गाडीकडे. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे ती रविवारची दहा मिनिटं. तुम्ही गाडी जपताय असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात ती हळूहळू खराब करताय. दहा मिनिटांत उभ्या गाडीचं तेल नीट तापत नाही. जळालेल्या पेट्रोलमधून बनलेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि इंजिनच्या पोटात साचतं, वाफ होऊन बाहेर पडायला वेळच मिळत नाही. थंड इंजिनात जादा पेट्रोल सोडलं जातं, त्यातलं थोडं तेलात उतरतं. बॅटरी स्टार्टला जेवढी खर्च होते तेवढी भरून येत नाही. ब्रेक डिस्कवर गंज, टायर एकाच जागी दबलेले. भर म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. २०२३ च्या एप्रिलपासून बनणाऱ्या गाड्यांना इ-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, चालेल असे रबर-प्लॅस्टिकचे भाग बंधनकारक झाले. तुमची त्याच्या आधीची. फ्यूएल कॅपच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा, आणि महिनोन्‌महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवू नका.

खाली वाकून टायरची बाजू बघा. एका लंबगोलात चार आकडे असतात. ‘३८२०’ असेल तर तो टायर २०२० च्या ३८ व्या आठवड्यातला. १४ हजार किलोमीटरला नक्षी जाड दिसेल, पण रबर आता कडक होऊ लागलेलं असेल. जाणकार खरेदीदार आधी हे बघतो, मग बॉनेट उघडून थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या प्लॅस्टिकच्या हाउसिंगजवळ टॉर्च मारतो. या इंजिनात कूलंट तिथून झिरपतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर तो पुढच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं तेल कधी बदललं ते विचारतो, आणि तुम्ही ‘गाडी चाललीच नाही हो’ म्हणालात की मनातल्या मनात दोन लाख कापतो. तेल किलोमीटरनेच नव्हे, वर्षांनीही म्हातारं होतं. आणि उंदीर! उभ्या गाडीतले वायरिंग हार्नेस त्यांना भारी आवडतात. बंद पार्किंगमधल्या गाडीचं बॉनेट महिनाभर उघडलं नसेल, तर आज उघडा.

या गाडीत किलोमीटरपेक्षा मोठी गोष्ट आहे ‘स्टॉक’ असणं. भारतातल्या आरएस मालकांना रिमॅपचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा, मोह आवरत नाही. स्टेज वन, डाउनपाइप, इंटेक, मोठे अलॉय. चालवायला मजा येते, मीही नाकारत नाही. पण त्यामुळे कुणी हात न लावलेल्या, कारखान्यातून आल्या तशा गाड्या दोनशेपेक्षा बऱ्याच कमी असणार. तुमची तशी असेल तर तिचं खरं भांडवल हे आहे. फक्त खरं सांगा. एकदा मॅप टाकून परत काढला असेल तरी ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरात, त्याची खूण राहते आणि कंपनीच्या स्कॅनरला ती दिसते. दुसरी किल्ली, सर्व्हिस बुक, प्रत्येक बिल, डिलिव्हरीची पावती, मूळ अल्कँटारा सीट्सवर कव्हर घातलं नाही याचा पुरावा म्हणून फोटो, हे सगळं एका फायलीत ठेवा. ३३ आणि ३५ मधला फरक त्या फायलीत असतो. ही सूचना आधीच्या आरएस २३० किंवा जीटीआय बाळगणाऱ्या वाचकांनीही मनावर घ्यावी. आपल्याकडे लोक गाडी जपतात, कागद मात्र पाडव्याच्या साफसफाईत फेकतात.

आता घर. तुम्ही पर्याय दोनच मांडलेत : विकायची किंवा झाकून ठेवायची. तिसरा, म्हणजे ठेवायची आणि चालवायची, पत्रात कुठेच नाही. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवली तर दहा वर्षांत रनिंग सत्तर हजारांच्या आसपास जाईल. कव्हरखालच्या गाडीपेक्षा भाव काही लाखांनी कमी येईल, कबूल. पण ते काही लाख म्हणजे दहा वर्षं त्या गाडीतून फिरण्याचं भाडं. ज्याला ती खरंच आवडते त्याला ते महाग नाही. तुम्हाला आवडते का? की आवडायची, आणि आता ती तुमच्याकडे असणं आवडतं? एका शनिवारी पहाटे त्र्यंबकेश्वर-जव्हारच्या रस्त्याने जाऊन या. तेलाचं तापमान नव्वदीला गेलं की मग पाय जरा मोकळा सोडा. उत्तर माझ्यापेक्षा तो घाट लवकर देईल. सोबत पत्नीलाही घ्या, परतीला स्टीअरिंग त्यांच्या हातात द्या. तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आहे, ‘बायकोला मी ती चालवायला देत नाही, ओरखडा पडेल’. घरातल्या बेचाळीस लाखांना एका माणसाने कधी हातच लावायचा नाही, आणि मग तिने म्हटलं ‘विका’, तर त्यात नवल ते काय? त्यांच्या ‘विका’मध्ये फीचा हिशोब किती आणि हा राग किती, ते तुम्ही विचारलंय का, मला शंका आहे.

फीचंही तसंच. मुलीला कुठे जायचंय, सरकारी कॉलेज की खासगी, हे यंदाच्या निकालानंतर ठरेल. आकडा अजून तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. युनिट चालू आहे, शैक्षणिक कर्ज मिळू शकतं. पण गाडी ठेवल्यामुळे जर खेळतं भांडवल आटणार असेल किंवा मुलीला ‘जवळचं बघ’ असं म्हणायची वेळ येणार असेल, तर मी एका दमात सांगतो, विका. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तसं नसेल तर ठेवा आणि चालवा. आईंसाठी उंच बैठकीची एखादी साधी, वापरलेली गाडी पाच-सात लाखांत मिळेल. तो प्रश्न आरएसने सोडवायचाच नव्हता. फक्त कव्हरखाली ठेवून भावाची वाट बघणं, हे मला तिन्हींत वाईट वाटतं : पैसाही नाही आणि गाडीही नाही.

ठेवायचं ठरलं तर विम्याच्या पॉलिसीचा कागद आजच बाहेर काढून आयडीव्ही बघा. पाच वर्षांपुढे ही किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. पण नूतनीकरणात बटण दाबून टाकलं असेल तर ती पंधरा-सोळा लाखांवर घसरलेली असू शकते. गाडी चोरीला गेली किंवा जळाली तर हातात तेवढंच पडेल. सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घ्या, विमा कंपनीशी भांडा, प्रीमियम थोडा वाढला तरी चालेल. ऑक्टाव्हिया इथे २०२३ मध्ये बंद झाली. इंजिनाचे भाग समूहाच्या इतर गाड्यांशी मिळतेजुळते असल्याने मिळतील, पण आरएसचा बंपर किंवा हेडलाइट बाहेरून यायला महिने लागतात. त्यामुळे पार्किंगमधली किरकोळ धडकही स्वस्त पडत नाही.

विकायचं ठरलं तर ब्रोकरला आज ‘हो’ म्हणू नका, ‘नाही’ही म्हणू नका. आधी टायर, बॅटरी आणि सगळी तेलं बदलून घ्या, कंपनीच्या वर्कशॉपमधून तपासणी अहवाल घ्या. मग आरएस मालकांच्या गटांमध्ये, फोनवरून, ३६ चा आकडा टाका आणि तीन महिने द्या. या गाडीचे गिऱ्हाईक बंगळूर, कोची, हैदराबादकडे बरेच. परराज्यातला घेणार असेल तर तुमच्या आरटीओची एनओसी लागते आणि त्याला तिथला रस्ता-कर वेगळा भरावा लागतो. तो हे दाखवून भाव पाडायला बघेल. थोडा पाडू द्या. तीन महिन्यांत ३१ च्या वर कुणी गंभीरपणे आलं नाही, तर ब्रोकरचा आकडा हीच तुमच्या गाडीची आजची किंमत, मग त्यावर रुसू नका. सोशल मीडियावर गाडीचा नंबर, घराचा पत्ता आणि पार्किंगचा फोटो एकत्र टाकू नका. ट्रायलला स्वतः शेजारी बसा, किल्ली तुमच्या हातातून द्या. डीलरकडे सोडायची झाली तर तो आरटीओचा अधिकृत आहे का बघा. २०२३ च्या एप्रिलपासून गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद आरटीओला कळवायची सोय झाली आहे, ती केल्याशिवाय नुसत्या सह्या केलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कुणाच्याही हातात ठेवू नका. पैसे पूर्ण खात्यात दिसेपर्यंत दुसरी किल्ली आणि सर्व्हिसची फाईल घरातच असू द्या, आणि नाव बदललेली आरसी डोळ्यांनी बघितल्यावरच विम्याच्या कंपनीला फोन करून तुमची नो-क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दलच्या सवलतीची, पत्रिका मागून घ्या. ती पुढच्या गाडीला लागू होते, मग ती आईंसाठीची का असेना.